मदत हवी आहे: काजू कारखान्याचं दप्तर संगणकावर कसं लावावं?

नमस्कार मंडळी,

डिचोलीत आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे, घरचीच भागीदारी. कागदपत्रं आजवर काकांनी सांभाळली. कुठल्या वर्षाची फाईल कुठल्या कपाटात, हे ते जागेवर बसून सांगतात. आता त्यांना रोज येणं झेपत नाही आणि ऑफिस मी बघते. मध्यंतरी जीएसटीसाठी जुन्या खरेदीचे कागद दाखवायचे होते. मिळाले, पण काकांना घरून बोलावून आणल्यावरच. म्हणून हा धागा.

आमच्याकडे सर्वात जास्त कागद होतो तो मार्च ते मे, बी खरेदीत. बागायतदार पोती आणतो, काट्यावर वजन होतं, पावती निघते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या सोलण्याआधीच्या बीवर जीएसटी रिव्हर्स चार्जने आम्हीच भरायचा असतो, त्यामुळे बिलही आम्हीच बनवतो. शिवाय पैसे दिल्याचं व्हाउचर. एका खरेदीमागे तीन कागद, आणि तिन्ही एकत्र दाखवले तरच त्यांना अर्थ. त्यात काट्याची पावती थर्मल कागदाची. प्लास्टिकच्या फोल्डरमधल्या मागच्या हंगामाच्या पावत्या काढून पाहिल्या, तर काहींवर तारीख पुसट दिसते आणि वजन पार उडालंय. जुन्या फाईलींत पिनांचा गंज खालच्या पानांवर उतरलाय. पावसाळ्यात कपाटं उघडायलाही जीव धजत नाही.

याशिवाय कामगारांच्या पीएफचे कागद, अन्न परवाना, बँकेचे व्यवहार, आणि जमिनीचे पोर्तुगीज काळातले दस्त.

गूगल ड्राइव्हवर नीट फोल्डर करून भागेल, की डॉक्युमेंट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्यावं? एकांनी येऊन दाखवलं, छान वाटलं. पण उद्या सोडायचं झालं तर आमच्या फाईली कशा परत मिळतील, याचं उत्तर मिळालं नाही. आणि स्कॅन झाल्यावर कागद टाकायचे का?

फोंड्याचा हिशेबनीस:
ताई, आधी मुदतीचं बघा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. 2023-24 च्या विवरणाची तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे ते कागद 31 डिसेंबर 2030 पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, यातलं जे नंतर येईल ते. म्हणून प्रत्येक वर्षाच्या फोल्डरला ‘कधीपर्यंत ठेवायचं’ ही तारीख आजच लावा.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 7 नुसार कागद इलेक्ट्रॉनिक रूपात जपलेला चालतो. अट अशी की तो पुढेही उघडता यावा, मूळ मजकूर तसाच दिसावा, आणि तो कुठून, कधी आला हे कळावं. तरी भागीदारीचा करार आणि जमिनीचे दस्त कागदावरच जपा. स्कॅन फक्त हाताळणी कमी व्हावी म्हणून.

मडगावकर:
माझं काम हेच. सॉफ्टवेअरआधी नंबर ठरवा. स्कॅन करताना कागदावर पेन्सिलने क्रमांक घाला, तोच संगणकात नोंदवा, आणि कागद क्रमाने खोक्यात टाका. मग खोक्यात विषयवार लावणी लागत नाही. शोध संगणकावर, कागद नंबरावरून. काकांच्या डोक्यातलं काम हा नंबर करतो, आणि हंगामापुरता आलेला मुलगाही कागद काढून देऊ शकतो.

फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवसाने सुरू करा, मग क्रम आपोआप लागतो. पुढे बागायतदाराचं नाव आणि बिल नंबर. स्कॅनची स्पष्टता 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरे. टिकवायचं ते पीडीएफ-ए प्रकारात ठेवा, तो दीर्घकाळ जपण्यासाठीच केलेला आहे.

पेपरलेस-एनजीएक्स हे डॉक्युमेंट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. क्रमांकाची सोय त्यात आहेच, आणि फाईली तुमच्याच संगणकावर राहतात. फक्त बसवून देणारं आणि पुढे बघणारं माणूस हवं. ते नसेल तर ड्राइव्हच बरा. छापील मराठी-पोर्तुगीज मजकूर टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, वाचतं. हस्तलिखित दस्तांसाठी त्याच्यावर भिस्त नको. त्यांना गावाचं नाव, जागेचं नाव आणि साल तुम्हीच हाताने लिहून ठेवा, काका सांगू शकतात तोवर.

आणि ड्राइव्हला बॅकअप समजू नका. एकाने चुकून उडवलं की सगळीकडून उडतं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक कारखान्याबाहेर.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काकांना घेऊन दस्तांपासूनच सुरुवात करते. एक शंका: नंबर प्रत्येक कागदाला, की तीन कागदांच्या संचाला?

मडगावकर:
संचाला. तिन्हींचा एकच पीडीएफ, पण पेन्सिलचा नंबर तिन्हींवर, म्हणजे सुटे झाले तरी जुळतील. आणि थर्मल पावती बाकीच्या दोघांसाठी थांबवून ठेवू नका. वजन झालं त्याच दिवशी स्कॅन करा, बिल आणि व्हाउचर मागून जोडता येतं.