मदत हवी आहे: संस्थेतली पर्शियन मांजर कोल्हापूरला आणायची आहे, शनिवारपर्यंत ठरवायचंय

कळंबा_नाका
पुण्यातल्या एका संस्थेत पर्शियन भाटी (मादी मांजर) दत्तक द्यायची आहे. वय अंदाजे चार. फोटोत अंगावरचे केस पूर्ण उतरवलेत, शेपटीचा गोंडा तेवढा ठेवलाय. एका डोळ्यातून पाणी येतं. दुकानातून किंवा ब्रीडरकडून विकत घ्यायची नाही हे नक्की ठरलंय, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. संस्थेने सात पानी फॉर्म पाठवलाय, वर खिडक्यांना जाळी मारून व्हिडिओ पाठवा म्हणतात. प्रश्न इतकाच: एका मांजरासाठी एवढं करायचं का? आणि पुण्याहून आणायची कशी? शनिवारी कळवायचंय. लवकर सांगा.

अर्धा_कटिंग
घर स्वतःचं की भाड्याचं? कितवा मजला? दिवसभर घरात कोण असतं? घरात आधीचं जनावर आहे का? यातलं काहीच लिहिलं नाही आणि म्हणे "लवकर सांगा".

बावड्याचा_भाऊ
ताई, कशाला पर्शियनच्या नादाला लागताय. आमच्या गल्लीत चार पिल्लं हायत, एकदम फुकट. दूध-भाकरी खात्यात, उंदीर धरत्यात, ना फॉर्म ना जाळी. विषय संपला.

सुलभाकाकू
भाऊ, दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. नुसती भाकरीही मांजराचं अन्न नव्हे.

बावड्याचा_भाऊ
काकू, आमची बारा वर्षं जगली.

सायलेन्सर
राग मानू नका, पण माझं वैयक्तिक मत, जातिवंत मांजर पाहिजे तर ब्रीडर बरा. दहा-बारा हजारात डॉल फेस (साध्या नाकाचं) मिळतं, पंच फेसला (एकदम चपट्या तोंडाच्या) जास्त पडतात. लहानपणापासून आपल्या हातात वाढतं. संस्थेतलं म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं, कुणी उगाच टाकतं का?

कळंबा_नाका
पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की तो सल्ला नको!! दुसरा मजला, भाड्याचं घर. मी घरून काम करते. आता सांगा.

निशाचर
सायलेन्सर यांचा सल्ला चुकला, पण प्रश्न बरोबर आहे. तिला का सोडली, हे संस्थेला विचारलंत का? पर्शियन संस्थेत येण्याची कारणं ठरलेली असतात: केसांचा कंटाळा आला, घरभर मुतायला लागली, दवाखान्याचा खर्च झेपेना, किंवा विणीसाठी वापरून झाली. चौथ्या कारणातली असेल तर धीर धरावा लागेल, दुसऱ्या कारणातली असेल तर आधी लघवी तपासून घ्या. आम्ही २०२१ च्या पुरानंतर एक घेतली होती, म्हणून सांगतोय.

कळंबा_नाका
विणीसाठीच ठेवलेली होती. त्या माणसाने धंदा बंद केला आणि सहा मांजरं एकदम आणून सोडली. नसबंदी संस्थेने केलीय. तीन हजार घेतात, म्हणजे फुकट नाहीच.

निशाचर
तीन हजारांत नसबंदी, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस येत असेल तर ते किंमत लावत नाहीयेत, झालेल्या खर्चातला थोडासा भाग घेतायत. स्वतः करून बघा, हिशेब कळेल. जाळीबद्दल: दुसरा मजला म्हणता. मांजर पायांवर पडतं हे खरं, पण दुसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जबडा आणि पाय मोडलेलं मी उचलून नेलंय. नायलॉनची नको, बारीक जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी लावा.

सायलेन्सर
आणि कागदपत्रं? संस्थेत पेडिग्रीचा (वंशावळीचा) कागद मिळत नाही. पर्शियन आहे कशावरून?

निशाचर
तुमच्या दहा-बारा हजारवाल्याने कागद दिला होता का? बहुतेक ठिकाणी "आईबाप बघा की" एवढंच सांगतात. आणि खरा कागद असला तरी मूत्रपिंडाचं काय? पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. जुन्या परदेशी पाहण्यांत सुमारे तीनात एका पर्शियनला तो निघायचा. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरे. २००४ साली त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून चाचणी आहे. इथल्या किती ब्रीडरांनी ती करून जोड्या लावल्यात ते सांगा.

सायलेन्सर
मी एक बोललो तर तुम्ही लेख लिहिला.

निशाचर
लेख कळंबा_नाका यांच्यासाठी आहे. पिल्लाच्या वयात हा आजार सोनोग्राफीत कळणं अवघड असतं. चार वर्षांच्या भाटीच्या सोनोग्राफीत मात्र स्पष्ट दिसतो. मोठी मांजर घेण्यात हा एक फायदा आहे. संस्थेला सोनोग्राफी करायला सांगा, पैसे तुम्ही द्या.

हौशी_हिंडफिऱ्या
अवांतर: मांजरकुळाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या कोल्हापुरात संस्थानकाळात चित्ते पाळायचे. शिकवलेला चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की पट्टी काढायचे. ज्यांनी न्यू पॅलेसचं म्युझियम बघितलं नाही त्यांनी जरूर बघावं.

अर्धा_कटिंग
चित्त्याला पण जाळी मारायची का? (हलके घ्या.)

गुलमोहर_७
मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो. घरात लहान मूल असेल तर अजिबात घेऊ नका.

सुलभाकाकू
लहान मुलाचं कुणी विचारलंय? आणि दमा पोटात कसा होईल? ॲलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीवरच्या प्रथिनाची.

कळंबा_नाका, मला काळजी केसांची आहे. आमच्याकडे दहा वर्षं पर्शियन होती. वरून रेशीम दिसतं, पण काखेत, कानामागे आणि मागच्या पायांच्या मध्ये बोट घातलं की चटईसारखी गाठ लागते. रोज पंधरा मिनिटं स्टीलचा कंगवा फिरवायचाच. मी एकदा शहाणपणा करून गाठीला कात्री लावली. गाठीत कातडी ओढली गेलेली दिसलीच नाही. तीन टाके पडले आणि पुढे वर्षभर कंगवा काढला की ती फ्रिजखाली. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर टॉवेल वाळत नाहीत. अंघोळ घातली आणि मुळाशी ओल राहिली की नायटा होऊ शकतो, आणि तो आपल्यालाही होतो. डोळ्याचं पाणी चपट्या नाकामुळे असतं, रोज कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचं. पण एकाच डोळ्यातून येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

मियाव_मार्केट
कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी घरपोच. ४० दिवसांची पर्शियन पिल्लं, पांढरी व करडी. व्यक्तिगत निरोप करा.

अर्धा_कटिंग
४० दिवसांची! २०१८ च्या पेट शॉप नियमांत आठ आठवड्यांखालची पिल्लं विकायला मनाई आहे. संपादक, उडवा हे.

कळंबा_नाका
सगळ्यांचे आभार. घरमालकांशी बोलले. तळमजल्यावर राहतात. ते म्हणाले, "आधीच एक आहे, त्यात दुसरं कशाला?" पण हो म्हणाले.

अर्धा_कटिंग
आधीच एक काय आहे???

कळंबा_नाका
गंप्या. बोका आहे. देशी, आमचाच. रात्री बाहेर असतो, सकाळी जेवायला येतो. त्याचा इथे काय संबंध?

निशाचर
अहो ताई. मी पहाटे उठून जाळ्यांचे प्रकार समजावतोय आणि बोका बाहेर हिंडतोय! नसबंदी झालीय त्याची? लसी? मारामाऱ्या करून येतो का?

कळंबा_नाका
रेबीजची दिलीय. बाकी नाही. कान फाटलेला आहे.

निशाचर
मग शनिवार विसरा. कान फाटलेला म्हणजे चावाचावी आली, आणि मांजरांचा एड्स मुख्यतः चावण्यातूनच पसरतो. त्याची आणि तिची, दोघांचीही एड्स-ल्युकेमियाची किट टेस्ट करा, रक्ताचे दोन-तीन थेंब लागतात. गंप्याला ट्रायकॅट द्या, नसबंदी करा. ती आली की दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी लिटरची (शी-शूच्या मातीची) पेटी. दाराखालून वास घेऊ देत, आधी भेट घालू नका. आणि जाळी लावल्यावर गंप्या बाहेर कुठून जाणार, याचाही विचार करा.

बावड्याचा_भाऊ
म्हणूनच म्हटलं होतं, गल्लीतलं घ्या. गंप्या बघा किती हुश्शार हाय.

सायलेन्सर
पुण्याहून आणायचं कुणीच सांगितलं नाही. रेल्वेत नेलं तर फर्स्ट एसीचं कूपं नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्यापेक्षा चारचाकी करा. निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, उलटी होते. पिंजऱ्यावर ओढणी टाका.

निशाचर
हे मात्र पटलं.

कळंबा_नाका
अपडेट, तीन आठवड्यांनी. संस्था थांबली. सोनोग्राफी स्वच्छ आली, दोघांची टेस्ट निगेटिव्ह. गंप्याचं ऑपरेशन झालं, आता बाल्कनीत जाळीमागे बसून घरमालकांच्या कोंबड्या बघतो. काल रात्री तिला घेऊन आले. कराडच्या पुढे रस्त्याच्या कामात अडकलो, साडेसहा तास लागले. ओरडली नाही, पण पिंजऱ्यातल्या टॉवेलवर मुतली. सध्या आतल्या खोलीत शिलाई मशीनच्या पायट्यामागे भिंतीकडे तोंड करून बसलीय. केस बोटभर वाढलेत, पोटावर आचळं लोंबताना दिसतात. काल रात्रीपासून काही खाल्लं नाही. चालतं का?

सुलभाकाकू
पहिला दिवस चालतं. संस्थेत जे खात होती तेच द्या, नवं काही नको. वाटी मशीनजवळ सरकवा, दिवा मालवा आणि खोलीतून बाहेर या. पण उद्या रात्रीपर्यंत तोंड लावलं नाही तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते. नाव काय ठेवलंत?

कळंबा_नाका
अजून नाही. आत्ता दाराला कान लावलाय, वाटी वाजतेय.