सिमिली म्हणजे नुसती उपमा का?

भाची दहावीला आहे, सेलूला. काल तिच्या इंग्रजीच्या वहीत बघितलं तर सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक असं लिहून चौकट केलेली. तिनंच विचारलं, मामा, मराठीत उत्प्रेक्षा न् व्यतिरेक पण आहे की, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं? मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

– दादा, लेकरानं नेमकं बोट ठेवलंय. मी शिकवणी घेते, हा गोंधळ दरवर्षी बघते. सिमिली उपमेपेक्षा मोठी आहे. लाइक, ॲज, ॲज इफ, दॅन असलं काही वापरून तुलना उघड बोलून दाखवली की इंग्रजीत सिमिलीच, आपल्याकडं मात्र तुलना कुठवर गेली त्यावर नाव बदलतं. आपल्या बोलीतच बघा, पोरगं वाघावाणी धावलं ही उपमा, पोरगं जणू वाघच ही उत्प्रेक्षा, पोरगं वाघापरीस चपळ हा व्यतिरेक. आपल्या हिंगोलीच्या नर्सीचे नामदेव महाराज म्हणतात ना, अमृताहुनी गोड नाम तुझे देवा, तिथं अमृत उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते, न् नाम उपमेय, म्हणजे ज्याची तुलना केली ते, आणि उपमेयच जिंकलं, म्हणून व्यतिरेक. इंग्रजीच्या शाळेच्या पुस्तकात यासाठी वेगळं नाव नसतं. मेटाफर न् रूपक मात्र बऱ्यापैकी जुळतं.

खरी अडचण पुढं आहे. लाइक, ॲज दिसलं की सिमिली, असं पाठ केलेलं असतं. मी एकदा फळ्यावर लिहिलं, ॲज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम, तर निम्म्या लेकरांनी सिमिली लिहिली! अहो इथं ॲज म्हणजे नुसतं कारण, पाऊस होता म्हणून घरी थांबलो. आणि शी इज ॲज टॉल ॲज हर सिस्टर हे पण सिमिली नाही, दोन बहिणींची उंची मोजली फक्त, पण ॲज टॉल ॲज अ पाम ट्री म्हणलं की झाली, कारण पोरगी न् ताडाचं झाड दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी. म्हणून मी आधी मराठीतच विचारते, उपमेय कोणतं, उपमान कोणतं, दोघांत सारखं काय. हे सांगता आलं की उताऱ्यातली ओळ पण कळते, नाव नंतर लिहा.

– ताई, तिला बहिणींचं वाक्य लिहून दिलं. म्हणली, मामा यात उपमान कुठंय, दोघी माणसंच की. चौकट खोडली नाही, उपमाच्या पुढं उत्प्रेक्षा, व्यतिरेक लिहून घेतलं तिनं.