पुढचं नाव आणि मागची यादी

खाण्याच्या पुड्यांबद्दल 'लेबल वाचतंय कोण, लोक भाव बघून घेतात' असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. वाचतात, पण फक्त पुढची बाजू. सांगलीत विश्रामबागच्या एका दुकानात सासूबाईंनी 'नाचणी' असं ठळक छापलेला बिस्किटाचा पुडा उचलला, शेजारच्यापेक्षा महाग असूनही. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय ना! मागे बारीक अक्षरांत पहिला मैदा, मग साखर, नाचणी पार खाली.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. शिवाय लेबलवर ज्या घटकावर भर दिलाय त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यायचं, हे एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतच आहे. तेव्हा घरच्या मोठ्यांना तो टक्का कुठे असतो ते दाखवून ठेवा. इन्व्हर्ट सिरप, म्हणजे साखरेपासून केलेला पाक, दिसलं तर तेही साखरेतच धरा.