एकरकमी पोटगी घ्यावी की दरमहा? टॅक्सच्या दृष्टीने सल्ला हवा

रानजाई: परस्परसंमतीने घटस्फोट, पुणे फॅमिली कोर्ट, फर्स्ट मोशन (दोघांचा पहिला अर्ज) झालंय. नवरा दोन पर्याय देतोय: एकरकमी ३० लाख किंवा दरमहा ३० हजार. माझा पगार वर्षाला ११ लाख. फ्लॅट दोघांच्या नावावर, लोन १८ लाख बाकी. नवऱ्याचा अर्धा हिस्सा माझ्या नावे करायचं ठरलंय. वकीलबाई म्हणतात सीएला विचारा, सीए म्हणतो आधी कन्सेंट टर्म्स (समझोत्याच्या लेखी अटी) दाखवा. कुणी यातून गेलंय का?

सातबारा: एकरकमी घ्या. ती भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न नव्हे, इन्कम टॅक्स लागत नाही. प्रतापगढच्या महेश्वरीदेवींच्या खटल्यात आपल्याच मुंबई हायकोर्टाने तसं म्हटलंय. दरमहाची मात्र तुमच्या उत्पन्नात धरतात, आणि देणाऱ्यालाही वजावट नाही.

तुमचाच हिशोब बघा, नवी करप्रणाली, २०२५-२६ चे दर. ११ लाखांतून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १०.२५ लाख. बारा लाखांच्या आत, म्हणून रिबेट (करमाफी) मिळून टॅक्स शून्य. त्यात पोटगीचे ३.६० मिळवा: १३.८५. रिबेट गेला, सेससकट ९१,२६० रुपये. तीन महिन्यांची पोटगी सरकारजमा!

हप्त्यांनी देणार असेल तर 'एकूण ३० लाख, चार हप्ते' असंच लिहून घ्या. 'दरमहा' हा शब्द येऊ देऊ नका.

खारीबिस्कीट: +१. पण पैसे एफडीत टाकू नका गं, व्याजावर टॅक्स आहेच. मी टाकले आणि रिटर्न भरताना रडले. आधी लोन फेड.

सातबारा: फ्लॅटचं बक्षीसपत्र डिक्रीच्या (घटस्फोटाच्या हुकमाच्या) आधी करा. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. डिक्रीनंतर तुम्ही 'नातेवाईक' उरत नाही. शुल्क वाढतं आणि इन्कम टॅक्सवालेही प्रश्न विचारू शकतात. बँकेची एनओसी आधी काढा, तीच रखडते.

रानजाई: तो म्हणतो, फ्लॅट दिला आणि तू सेकंड मोशनला (शेवटच्या संमतीला) कोर्टात आलीच नाहीस तर?

खारीबिस्कीट: त्याची भीती अगदीच खोटी नाही. आम्ही सकाळी हवेली सबरजिस्ट्रारकडे अंगठे दिले आणि दुपारी कोर्टात डीडी घेतला. मधे दोघांनी एकाच टपरीवर चहा प्यायला, पैसे त्याने दिले. हा क्रम कन्सेंट टर्म्समध्येच घाल. आणि मुलाच्या नावावर एफडी आहे का? घटस्फोटानंतर ते व्याज मूल सांभाळणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात.

रानजाई: आहे. सीएला सांगते.