छोट्या कुत्रीला घेऊन पहिल्यांदाच बाहेरगावच्या अजिलिटी ट्रायलला: सल्ला हवा

मऊकान:
नमस्कार मंडळी. माझी पॅपिलॉन कुत्री अडीच वर्षांची आहे, खांद्यापाशी उंची २७ सेंमी, वजन ३.८ किलो. दीड वर्षापासून अजिलिटी (कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत) शिकतोय. क्लबच्या मैदानावर ती झकास पळते. १२ वीव्ह पोल्स (ओळीने रोवलेल्या काठ्या, त्यांतून नागमोडी पळायचं) एकही न चुकवता करते, टनेल तर तिचा जीव की प्राण.

पण पहिल्या स्पर्धेत वेगळंच झालं. सी-सॉवर (वरखाली झुकणारी फळी) चढली, मध्यापर्यंत गेली आणि थिजली. मग मागे वळून उडी मारून खाली. तीनदा तेच, म्हणजे तीन रिफ्युजल (अडथळा नाकारणं) आणि आम्ही बाद. मला बाद होण्याचं दुःख नाही. तिचे कान मागे गेले होते आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता दोन दिवसांची ट्रायल (स्पर्धा) आहे, एफसीआयच्या (कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनी. गाडीने सहा तास. दोन्ही दिवस अजिलिटी आणि जंपिंग असे दोन-दोन रन (फेऱ्या). चारही रन भरू का? प्रवासात खायला कधी द्यायचं (तिला गाडी लागते)? मुक्कामी काय काळजी घ्यायची? आणि सी-सॉचं काय करू? सहा आठवडे हातात आहेत.

टनेलपलीकडे:
मऊकान ताई, सी-सॉबद्दल आधी बोलते, कारण माझ्या पहिल्या कुत्र्यासोबत मी अगदी याच जागी अडकले होते.

उड्यांची उंची कुत्र्याच्या मापाने बदलते, पण सी-सॉची फळी सगळ्यांना तीच. तीस किलोचा कुत्रा मध्य ओलांडतो तोच फळी खाली जाते. तुमच्या कुत्रीला मात्र जवळजवळ टोकापर्यंत चालत जावं लागतं, आणि तेवढा वेळ ती हवेत, हलत्या फळीवर एकटी असते. नियमात फळीची चाचणी आहे: खाली जाणाऱ्या बाजूच्या रंगीत पट्ट्याच्या मध्यावर १ किलो वजन ठेवलं तर २ ते ३ सेकंदांत ती जमिनीला टेकली पाहिजे. म्हणजे हलक्या कुत्र्यालाही ती खाली येतेच, पण सावकाश. दोन मैदानांवरच्या फळ्यांचा आवाजही सारखा नसतो. क्लबच्या फळीखाली रबर असेल आणि तिथे नसेल, तर तो 'धाड' तिला नवा. माझा अंदाज आहे की ती उंचीला नाही, आवाजाला आणि उशिरा येणाऱ्या हालचालीला घाबरली.

म्हणून सहा आठवड्यांत पूर्ण सी-सॉ फार करू नका. टोकाखाली जाड उशी किंवा टेबल ठेवून फळी फक्त दोन-तीन इंच खाली येईल असं करा. तिला टोकापर्यंत जाऊ द्या, तिथेच खाऊ. मग आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवा. वेगळ्या वेळी आवाजाचा खेळ: तुम्ही हाताने फळी आपटायची, ती जमिनीवर दूर उभी, आपटलं की खाऊ. नंतर तिलाच पंजाने आपटू द्या. माझा कुत्रा शेवटी स्वतःहून फळी आपटायला धावायचा.

आणि फळी जमिनीला टेकायच्या आत उतरली तर ५ फॉल्ट (दंडाचे गुण). त्यामुळे 'टोकाला थांब' हे पक्कं हवंच. दुखापतही तिथेच होते, अर्ध्यावरून उडी टाकताना.

चारपावलं:
रनबद्दल माझं मत: पहिल्या दिवशी फक्त जंपिंग भरा. जंपिंगमध्ये सी-सॉ, ए-फ्रेम (दोन तिरप्या फळ्यांचा उंच चढ-उतार), डॉग-वॉक (उंचावरची अरुंद फळी) काहीच नसतं. नवी जागा, नवी गर्दी, पण तिला येतं तेवढंच काम. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघून ठरवा. फी गेली तर गेली.

जुनीरिंग:
चारपावलं, सहमत, पण अर्धाच. सी-सॉ टाळत राहिलात तर भीती तशीच राहते. दुसऱ्या दिवशीचा अजिलिटी रन भराच. आयोजकांना आधी विचारा की त्यांच्याकडे रिंगमध्ये (स्पर्धेच्या मैदानात) सराव म्हणून खेळणं घेऊन पळायची सोय आहे का. गुण मिळत नाहीत, पण रिंगमधल्या सी-सॉवर खेळणं मिळालं तर तिच्या मनातलं चित्र बदलतं. सोय नसेल तर अजिलिटी रन न पळलेला बरा. तो निर्णय रिंगच्या दारात नको, आदल्या रात्री घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. कोर्स वॉकला (रनआधी कुत्र्याशिवाय मार्ग चालून बघायला) तुम्हाला सात-आठ मिनिटं मिळतील. त्यातली दोन मिनिटं खाली बसून चाला. खरंच, गुडघ्यावर बसा आणि २७ सेंमी उंचीवरून बघा. आपल्याला उभ्याने टनेलची दोन्ही तोंडं दिसतात. तिला ए-फ्रेमच्या आडून एकच दिसतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. तुमचा हातही तिला डोक्यावर कुठेतरी दिसतो. तिला खरी दिशा कळते ती तुमच्या पायांवरून आणि खांद्यांवरून. मी हे करायला लागलो तेव्हापासून चुकीच्या टनेलमुळे बाद होणं जवळपास थांबलं.

दुसरं: छोट्या कुत्र्याला दोन अडथळ्यांमध्ये जास्त पावलं पडतात, म्हणून तुम्हाला पुढे जायला वेळ मिळतो. त्या मोहात तिच्यावर वाकून थांबू नका. आपण वाकलो की या जिवाला वाटतं काहीतरी पडतंय अंगावर. सी-सॉपाशी तर अजिबात नको. बाजूने सरळ चालत राहा.

दवाखान्याचीवाट:
मी पशुवैद्य नाही. पण चार किलोच्या आतले तीन कुत्रे सांभाळलेत आणि दवाखान्याच्या फेऱ्या पुष्कळ झाल्यात. प्रवासाबद्दल सांगतो.

गाडी लागते म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मोठ्या कुत्र्याला चालतो. इतक्या लहान शरीराला लांब उपास झेपत नाही, रक्तातली साखर खाली जाऊ शकते. अंग थरथरणं, पाय लटपटणं, मलूल होणं ही लक्षणं. निघण्याच्या तीन तास आधी नेहमीच्या खाण्याचा लहानसा भाग द्या. दर दोन तासांनी थांबा, पाच मिनिटं चालवा, पाणी, दोन-चार घास. गाडी लागण्यावर औषध हवं असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा आणि एका छोट्या फेरीत आजमावून बघा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा नको. नवं खाणंही नको. घरचंच डब्यात भरून न्या.

क्रेट (कुत्रीचा पिंजरा) गाडीच्या पट्ट्याने घट्ट बांधलेला, मांडीवर तर अजिबात नाही. दार उघडण्याआधी तिचा पट्टा अडकवलेला हवा. रस्त्याकडेच्या थांब्यावर हरवलेली कुत्री शोधणं ही शिक्षा कोणालाच नको. गळपट्ट्यापेक्षा हार्नेस, कारण या आकाराच्या अनेक जातींत श्वासनलिका नाजूक असते.

मुक्कामाला सगळ्यात मोठा धोका कुठला ते सांगू? खोलीतला पलंग. गुळगुळीत फरशी आणि उंच पलंगावरून उडी. टॉय जातींत पुढच्या पायाचं हाड मोडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. माझ्या मधल्या कुत्र्याचा पाय असाच गेला, स्पर्धेच्या आदल्या रात्री, मी दात घासत असताना. सहा महिने गेले त्यात. घरचं न धुतलेलं पांघरूण न्या, क्रेटमध्ये घाला आणि तिला तिथेच झोपवा. पलंगावर घेतलंच तर उतरवायचं तुमच्या हातांनी.

मागच्या पायाने कधी दोन-तीन पावलं लंगडी घालून मग पुन्हा नीट पळते का? असेल तर निघण्याआधी गुडघ्याची वाटी तपासून घ्या. छोट्या जातींत ती सरकण्याचा त्रास बराच आढळतो.

मऊकान:
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पलंगाचं तर डोक्यातच नव्हतं. लंगडी कधी घालत नाही, पण डॉक्टरांकडे नेते.

एक राहिलंच विचारायचं. तिथे मोठे कुत्रे भरपूर असतील. मागच्या वेळी रिंगबाहेर उभे असताना एक मोठा कुत्रा पट्टा ताणून तिच्यावर भुंकत राहिला आणि त्याच्या मालकाने लक्षही दिलं नाही. त्यानंतर पाचच मिनिटांत आमचा रन होता. सी-सॉवर थिजण्यामागे तेही असेल का?

टनेलपलीकडे:
असेल नाही, मला तर वाटतं तेच मुख्य होतं! हे आधी सांगायला हवं होतंत.

अजिलिटीतले कुत्रे रिंगबाहेरही पेटलेले असतात. समोरून चार किलोचं काहीतरी सुसाट पळताना दिसलं की चांगल्या स्वभावाच्या मोठ्या कुत्र्यालाही क्षणभर तो ससा वाटू शकतो. म्हणून:

क्रेट रिंगपासून लांब, कोपऱ्यात, तीन बाजूंनी झाकलेला, पण हवा खेळती. तुमचा नंबर यायच्या चार-पाच कुत्रे आधीच तिला बाहेर काढा, तासभर आधी नाही. रांगेत तिला उचलून घ्या. मात्र उचलण्याआधी एक ठरलेला शब्द वापरा, मी 'वर' म्हणते, आणि तो घरी शिकवा. न सांगता झपकन उचललं की कुत्र्याला वाटतं संकट आलं. मागच्याला सरळ सांगा, "जरा अंतर ठेवा." संकोच करू नका. दारातून बाहेर येणाऱ्या कुत्र्यालाही पट्टा लागेपर्यंत आत जाऊ नका.

पण उचलण्याआधी वॉर्म-अप झालेला हवा. पाच-सात मिनिटं चालणं, थोडं दुडकणं, दोन्ही बाजूंना गोल वळणं, एक-दोन बुटक्या उड्या. आणि रन संपल्यावर लगेच क्रेटमध्ये कोंबू नका. धाप कमी होईपर्यंत चालवा.

चारपावलं:
पंजांच्या गाद्यांमधले केस कापा, पॅपिलॉनचे फार वाढतात आणि गवतावर पाय घसरतो. आठवडाभर आधी कापा, म्हणजे नव्या पकडीची सवय होते. सकाळचं गवत ओलं असेल तर तुमच्या कुत्रीचं पोटच भिजतं. दोन टॉवेल जास्त ठेवा. उन्हाळा असेल तर ती जमिनीच्या जवळ असते हे विसरू नका. आपल्याला कोमट वाटणारी जमीन तिच्या पोटाला भाजते. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता अडकते. पोट आणि पाय ओले करा आणि पंखा लावा.

जुनीरिंग:
मोजमापाची नोंद बरोबर आहे ना? ३५ सेंमीच्या खालची म्हणून स्मॉल गटात तुम्ही आहातच. पण उंचीची नोंद असलेलं पुस्तक आणि लसीकरणाचे कागद गाडीत वर ठेवा, सामानाच्या तळाशी नको. सकाळी नोंदणीच्या टेबलावर शोधाशोध सुरू झाली की तुमची घाई कुत्रीला कळते.

मऊकान:
ठरलं मग. पहिल्या दिवशी फक्त जंपिंग. आयोजकांना मेल केला होता, आत्ताच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी अजिलिटीत खेळणं घेऊन पळता येईल, फक्त फॉर्मवर आधी लिहून द्यायचं. लिहिलं. आज संध्याकाळी फळीखाली सोफ्याच्या दोन उशा ठेवून सुरुवात केली. चौथ्या वेळेला टोकापर्यंत गेली आणि तिथे बसून शेपूट हलवत राहिली. उतरायलाच तयार नव्हती.

टनेलपलीकडे:
आज तेवढंच. उद्या पुन्हा दोन्ही उशा ठेवा, लगेच एक काढू नका.