साडेतीन वर्षांच्या मुलाची चहाची सवय आणि घरातील वडीलधारी माणसे : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहतो. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले आहेत. प्रश्न केवळ 'मूल जेवत नाही' एवढाच नसल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी उठल्याबरोबर मुलगा सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसतो. ते बशीत चहा ओततात, फुंकर घालून निववतात, पहिला घोट त्याला देतात आणि मग रात्रीच्या पोळीचा तुकडा त्यात बुडवून दोघेही खातात. दुपारी शेतातून माणसे आली की पुन्हा चहा होतो, संध्याकाळी पाहुणा आला की पुन्हा, आणि प्रत्येक वेळी त्याची बशी ठरलेलीच असते. जेवणाच्या वेळी मग त्याला भूक उरत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊबाई आणि मी सकाळीच शेतात जात असल्याने, दिवसभर त्याने काय खाल्ले हे सासूबाई सांगतील तेवढेच कळते. तो रडू नये म्हणून त्या दुकानातला पाच रुपयांचा पुडाही आणून देतात. मात्र या वयात तीन मुले सांभाळणाऱ्या बाईला त्यासाठी बोल लावणे मला पटत नाही.

त्याचे हिमोग्लोबिन ९.६ आले आहे. या वयात ते ११ च्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात. चहातील टॅनिनमुळे धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात नीट शोषले जात नाही, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे हे दुखणे आमच्या एकट्या घराचे नाही.

नवल असे, की हाच मुलगा अंगणवाडीत इतर मुलांच्या पंगतीत बसून उसळ आणि खिचडी मुकाट्याने संपवतो. माझे माहेर गोंदियाकडचे. तिथे लहान मुलांना कोणी चहा देत नाही, तेव्हा तोही मागत नाही आणि वरण-भात पोटभर खातो. घरी मात्र पुरुषांची पंगत आधी बसते व मुले त्यांच्यासोबत जेवतात. सासरे आणि दीर भाकरीबरोबर वरण व ठेचा घेतात, आंबाडीची भाजी ताटाच्या कडेला सारतात, आणि मुलगाही नेमकी तीच कडेला सारतो. घर माळकरी असल्यामुळे अंड्याचा पर्याय नाही. चहाऐवजी दूध दिले, तर रंग पाहूनच तो तोंड फिरवतो. 'आम्ही चहा-पोळीवरच वाढलो' हे घरातले ठरलेले उत्तर आहे.

ज्यांच्या घरी असे होते त्यांनी सांगावे : सकाळची आजोबांची मांडी तशीच ठेवून बशीत दुसरे काय देता येईल? ज्वारीच्या कण्या किंवा आंबील कोणाच्या मुलाने चहाच्या जागी स्वीकारले आहे का? चहा एकदम बंद करावा, की आधी जेवणाच्या आगेमागे तरी टाळावा? आणि हे सासऱ्यांना कोणी सांगितलेले बरे : माझ्या यजमानांनी, की अंगणवाडीच्या बाईंनी? सुनेने सांगितले तर ते मनाला लावून घेतील आणि नातवाला जवळ घेणेच सोडून देतील, अशी मला भीती वाटते. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध सुरू आहे, त्यामुळे कृपया औषधे सुचवू नयेत.