आधी गळती कुठून होतेय ते शोधा
कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, पलंगाजवळची प्लाय ओली दिसली म्हणून तिथल्याच खिडकीला सिलिकॉन लावणार असाल, तर कृपया थांबा. पाणी बऱ्याचदा छतावरच्या व्हेंटपाशी (हवा खेळण्यासाठीच्या झरोक्यापाशी) शिरतं आणि फ्रेमवरून वाहत भलतीकडेच उतरतं. दारं-खिडक्या बंद करून आत ब्लोअरने हवा भरा, बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले की जागा सापडली. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्यावर नवीन काही धड चिकटत नाही. कडेच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी टेप) लावा. खिडकीच्या चौकटीतली पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका! आणि हे मे महिन्यातच उरका. मुंबईत जूनमध्ये पाऊस लागला की ओली प्लाय वाळत नाही, आतल्या आत कुजत जाते.